सासूबाईंची गाडगी आणि आगीचा बंब

आमच्या चाळीत आगीचा बंब एकदाच आला, आणि तो माझ्या सासऱ्यांच्या मडक्यांवर पाणी मारून गेला. तशी आग लागलेली नव्हती. म्हणजे आग होती, पण ती आम्ही स्वतः लावलेली होती! 'लागलेली' आग आणि 'लावलेली' आग यांत फरक असतो, हे बंबावरच्या माणसांना समजावून सांगायला मी तिथे असायला हवी होते. पण त्या वेळी मी मेले होते. (घाबरू नका, येतेच त्यावर.)

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती. एका अंगाला म्हशींचा तबेला, दुसऱ्या अंगाला रिकामा प्लॉट, मधे आम्ही. माझा नवरा प्रकाश कारखान्यात फिटर होता, आणि मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. जातीने आम्ही कुंभार. पण मी नावापुरतीच कुंभारीण! माझे वडील कोकणातून गिरणीत आले ते हाताची माती धुऊनच. लालबागच्या खोलीत वाढलेल्या माझा मातीशी संबंध आला तो चेहऱ्याला लावायच्या मुलतानी मातीपुरता. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "मऊ आसत. पोर सुखात वाढलीहा." ही स्तुती होती की तक्रार, ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि मग विचारायची सोयच राहिली नाही.

सासूबाई श्रावणात गेल्या. तापाचं निमित्त झालं. तार मिळून आम्ही कोकणात सासरच्या वाडीत पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. माझे सासरे, आप्पा, ओट्यावर बसून पावसाकडे बघत होते. त्या कुंभारवाडीत चालू असं एकच चाक उरलं होतं, ते त्यांचं. बाकीच्यांची मुलं आमच्यासारखी मुंबईला, आणि बाकीच्यांची चाकं अंगणात उलटी पडून त्यांवर कोंबड्या बसलेल्या.

कुंभाराचं मडकं एका माणसाने होत नाही, हे मला तिथे कळलं. चाकावरून उतरतं ते जाड, ठेंगणं असतं. ते जरा सुकलं की घरातली बाई ते मांडीवर घेते, आत गोल दगड धरते आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हळूहळू ठोकत त्याला फुगवते. चाक पुरुषाचं, थापटणं बाईचं. आप्पांनी घडवायचं, सासूबाईंनी थापटायचं, असा त्या दोघांचा उभा जन्म गेला होता. आता ते थापटणं भिंतीला टांगलेलं होतं, आणि आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसत.

रडले मात्र नाहीत. एकदाही नाही. तेराव्यानंतर प्रकाश म्हणाला, "आप्पा, चला आमच्याबरोबर मुंबईला." आम्हाला वाटलं, आता दोन दिवस मनधरणी करावी लागणार. आप्पा म्हणाले, "चल." आणि उठले! कपड्यांची एक पिशवीसुद्धा घेतली नाही. घेतल्या त्या माळ्यावरच्या आंब्याच्या पेट्या, पेंढा भरून दोरीने घट्ट बांधलेल्या. आणि एक मोठं मडकं, सासूबाईंच्या लुगड्यात गुंडाळलेलं, मांडीवर. पूर्ण प्रवासभर मांडीवर! एसटीच्या कंडक्टरने गमतीने विचारलं, "आजोबा, ह्या बाळाचं तिकीट?"

आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अर्धा फाड."

कंडक्टर हसला. आप्पा हसले नाहीत.

चाळीत पेट्या उतरल्या तेव्हा भाद्रपद लागला होता. शेजारच्या पेडणेकरकाकू, ज्यांना चाळीतल्या प्रत्येक घरात आज काय शिजतंय हे वासावरून कळायचं, त्या पातेलं घेऊनच आल्या. "अगं सुमन, भाद्रपदात आंबे? झकास! कुठला हापूस गं हा?"

"काकू, आंबे नाहीत. गाडगी आहेत."

"गाडगी?" काकूंनी पेटीच्या फटीतून आत बोट घातलं, पेंढा बाजूला केला, आतलं राखाडी गाडगं पाहिलं आणि पातेलं पदराखाली लपवत म्हणाल्या, "मग सांगायचं ना आधी!"

आप्पांनी पेट्या पलंगाखाली सरकवल्या, मोठं मडकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला भरून आलं. म्हटलं, बिचारे! एवढ्या दुःखात सुनेसाठी माठ घेऊन आले, गार पाणी प्यायला मिळावं म्हणून. चांगल्या सुनेने काय करावं? मी ते मडकं काठोकाठ भरलं, वर झाकण ठेवलं, झाकणावर स्टीलचा पेला पालथा घातला, आणि कोपरा किती छान दिसतोय म्हणून दोनदा मागे वळून बघितलं.

सकाळी उठून बघते तर मडकं नाही! कोपऱ्यात चिखल. चिखलाच्या मधोमध झाकण, झाकणावर माझा पेला, आणि सगळीकडे गढूळ पाणी. मी अशी किंचाळले की तबेल्यातल्या म्हशींनी उत्तर दिलं. प्रकाश धावत आला. मागून आप्पा आले. त्यांनी चिखलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाणी घातलंस?"

"हो... म्हणजे... गार व्हावं म्हणून..."

"कच्चां होतां गो तां," आप्पा म्हणाले. बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मग प्रकाशने मला बाहेर नेऊन सांगितलं. सासूबाईंनी वैशाखात ती सगळी मडकी, गाडगी थापटून ठेवली होती. भट्टी लावायची तेवढी राहिली होती, पण पाऊस लवकर आला. म्हणून त्यांनी ती पेंढ्यात घालून माळ्यावर ठेवली, पाऊस सरला की भाजू म्हणून. पाऊस सरायच्या आत त्याच गेल्या. "आईच्या हातची शेवटची आहेत ती," प्रकाश म्हणाला, आणि नळावर जाऊन उगाचच तोंड धुऊ लागला.

कुंभाराच्या घरात जन्मलेली, कुंभाराच्याच घरात दिलेली मी, आणि मला कच्चं मडकं आणि भाजलेलं मडकं यातला फरक कळला नाही! आप्पांनी तो चिखल दोन्ही हातांनी गोळा केला आणि बाहेर डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला घातला. फरशीवरचा शेवटचा डाग मी पुसायला गेले, तर म्हणाले, "रवांदे." म्हणजे, राहू दे.

त्यानंतर आप्पा जवळजवळ बोलायचेच बंद झाले. ताटात वाढलेलं चिवडायचे आणि उठायचे. आम्ही त्यांना रमवायचा चंग बांधला. प्रकाशने शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर नेऊन बसवलं, तर ते टीव्हीकडे पाठ करून बसले. मी भजनाला पाठवलं, तर अर्ध्यातून परत. "कित्याक इलांत आप्पा?" मी माझ्या मोडक्या मालवणीत विचारलं. "थंय सगळे गातत," ते म्हणाले. भजनात अजून काय करणार माणसं! दुपारी मी मशीनवर बसले की ते पलंगाखालून पेटी ओढायचे, एक गाडगं काढायचे, आतून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. माझ्या मशीनचा आवाज थांबला की त्यांचं बोटही थांबायचं. मग मी कापड नसलं तरी मशीन चालवत बसायची. (त्या महिन्यात माझा दोरा फार गेला.)

दिवाळी आम्ही केली नाही. ती सरल्यावर एका सकाळी आप्पा चहा पिता पिता म्हणाले, "भट्टी लावक व्हयी."

प्रकाशच्या चहाचा घोट अडकला. "आप्पा, ही मुंबई आहे!"

"मगे? हय आग पेटणा नाय?"

खरं सांगायचं तर, इतक्या दिवसांनी त्यांनी काहीतरी मागितलं होतं. त्यांनी विमान मागितलं असतं तरी मी त्याची किंमत विचारून आले असते. मीच म्हटलं, "रिकाम्या प्लॉटवर लावूया. कोण बघतंय!"

कोण बघतंय! हे मी पेडणेकरकाकूंच्या शेजारी राहून म्हटलं, ह्यावरून माझी अक्कल कळावी.

तबेल्यातून गोवऱ्या आणल्या, गवळ्याकडून पेंढा आणला. प्रकाश पहिल्या पाळीला गेला, आणि आप्पांनी प्लॉटवर भट्टी रचायला घेतली. खाली गोवऱ्या, त्यावर एकेक गाडगं. असं ठेवत होते, जसं झोपलेल्या तान्ह्या पोराला कुशीतून गादीवर ठेवतात. वर पेंढा, वर चिखलाचा लेप, धुराला भोकं. आग दिली, आणि ती आतल्या आत धुमसू लागली. आप्पांचे डोळे कितीतरी दिवसांनी कुठेतरी लागले होते. मला म्हणाले, "तां गेला तुझ्या पाण्यात, तेचां दुख्ख नको करू. ही भाजतली. घरात ठेवया. सगळी." मी मान हलवली.

तेवढ्यात वारा फिरला.

नेमक्या त्याच दिवशी काकूंनी मच्छरदाण्या धुतल्या होत्या! मच्छरदाण्या, गोधड्या, आणि मुंबईला येऊन साहेब झालेल्या त्यांच्या जावयाचा पांढराशुभ्र लेंगा-सदरा. प्लॉटवरचा सगळा धूर त्या दोरीवर जाऊन बसला. काकू बाहेर आल्या तेव्हा जावयाचा सदरा करडा झाला होता.

"सुमन! विझव ते आधी!"

"काकू, विझवता येत नाही. अर्धवट राहिली तर मडकी जातात!"

"आणि माझा जावई गेला तो?"

"जावई कुठे गेला? सदरा गेला!"

"तोंड वर करून बोलतेस? थांब, बघतेच मी आता!" काकू तरातरा वाण्याच्या दुकानाकडे निघाल्या. तिथे फोन होता. मी म्हटलं, जाऊ दे, जावयाला फोन करत असतील. इतक्यात आप्पांनी हाक मारली, "अजून शेणी हाड गो!" म्हणून मी टोपली घेऊन मागच्या बाजूने तबेल्यात गेले. गवळी धार काढत होता. धार संपल्याशिवाय तो उठेना, आणि म्हैस काही संपेना!

पुढचं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकाने वेगवेगळं. घणघण करत बंब आला. माणसं उड्या मारून उतरली, पाइप पसरले, आणि पाण्याचा लोट थेट भट्टीवर. तापलेल्या मातीवर गार पाणी! आतून फट्, फट् आवाज यायला लागले. आप्पा हात पसरून पाण्याच्या आडवे गेले. पाण्याने त्यांना बाजूला लोटलं, ते परत उभे राहिले आणि ओरडले, "अरे, नको! ती आत आसा! ती आत आसा माझी!"

आता सांगा, बंबवाल्याने ह्याचा काय अर्थ घ्यायचा?

बंबावरचा साहेब ओरडला, "बाई आत आहे! पाणी वाढवा!" दुसरा पाइप सुरू झाला. दोघंजण आकडे घेऊन ढिगारा उपसायला लागले. वाण्याच्या दुकानातून परत आलेल्या काकूंनी 'बाई आत आहे' एवढंच ऐकलं, आमच्या उघड्या, रिकाम्या दारात डोकावल्या, आणि प्लॉटच्या कडेला बसकण मारली. तेव्हा पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या सुनेच्या पदराने पेट घेतलेला असायचा. काकूंना दुसरं काही सुचणारच नव्हतं.

"सुमन गं! सोन्यासारखी पोर होती हो! कधी वर तोंड करून बोलली नाही!"

मी टोपली डोक्यावर घेऊन आले तेव्हा सगळी चाळ प्लॉटवर जमली होती. बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या. वाटलं, आप्पांना काही झालं! गर्दीत घुसून मी काकूंना हलवलं. "काकू, काय झालं? कोण गेलं?"

"अगं, तू!" काकू हुंदका देत म्हणाल्या. मग त्यांनी वर बघितलं.

त्यांची ती किंकाळी मला अजून ऐकू येते. त्यांनी आधी मला मिठी मारली, मग एक थोबाडीत मारली, मग परत मिठी मारली. गोवऱ्या सगळ्या त्यांच्या डोक्यावर. मी तशीच साहेबाकडे धावले. "साहेब, पाणी थांबवा! आत माणूस नाही! मडकी आहेत!"

"मग हे आजोबा 'ती' कोणाला म्हणतायत?"

"माझ्या सासूबाईंना."

"त्या कुठे आहेत?"

"त्या श्रावणात गेल्या."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मग आप्पांकडे बघितलं. मग हात वर केला आणि हळूच म्हणाला, "पाणी बंद करा रे."

एकदम शांत झालं. नुसतं वाफेचं सूं सूं. आप्पा गुडघ्यांवर बसले, नखशिखांत भिजलेले, आणि त्या काळ्या रेंद्यातून खापरं उचलायला लागले. हात भाजत होते, तरी उचलत होते. मी बसले, काकू बसल्या. मग आकडेवाले दोघे बसले. सगळेजण एकच शोधत होते, एखादं तरी अख्खं. वाटीएवढं का होईना.

एकही निघालं नाही.

साहेबाने विचारलं, "आजोबा, काय होतं हो त्यात?" आवाजात चौकशी नव्हती.

आप्पांनी एक खापर त्याच्यापुढे धरलं. थापटण्याचे बारीक, सारखे ठसे होते त्यावर, एकाला लागून एक. "ह्यो बघा," आप्पा म्हणाले, "तिचो हात."

साहेबाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. आणि तिथे, प्लॉटवर, अख्ख्या चाळीसमोर, आप्पा रडले. श्रावणापासून जे साठलं होतं ते सगळं. एवढा मोठा माणूस तोंड उघडून रडत होता, आणि त्यांना कसं धरायचं ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी काकूंनी त्यांना जवळ घेतलं. करडा सदरा खांद्यावर होता, त्यानेच त्यांचे डोळे पुसले. काकूंना तर कारण पुरत होतं, त्या त्यांच्याहून मोठ्याने रडल्या.

प्रकाश पाळीवरून आला तेव्हा बंबवाले आमच्या दारात चहा पीत होते. तो दारातच थबकला. "सुमे, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आप्पा जेवतायत."

जेवत होते, खरंच! मुंबईला आल्यापासून पहिल्यांदाच परत भात मागून घेतला. आणि त्या दिवसापासून सासूबाईंचं नाव घ्यायला लागले. ती कशी हसायची, माती तुडवताना कशी शिव्या द्यायची, एकदा रागावून तिने त्यांच्याच पाठीत थापटणं कसं हाणलं होतं. मीठ कमी पडलं की म्हणायचे, "तिणा बरोब्बर घातल्यान असता." मला ऐकून बरं वाटायचं, आणि रागही यायचा.

पुढे प्रकाशने भंगारातून एक जुनं चाक आणून बेअरिंग बसवून दिलं. पहिल्याच दिवशी ते इतकं गरगरलं की मातीचा गोळा उडून प्रकाशच्या कपाळावर बसला. मग सुधारलं. पलीकडे इमारतीचा पाया खणत होते, तिथला वॉचमन आम्हाला माती नेऊ द्यायचा. आप्पा चाकावर बसायचे. थापटायला कोण? ह्या मऊ हातांची सून! आत दगड धरायचा, बाहेरून ठोकायचं. मी दगड एकीकडे धरायची आणि ठोकायची दुसरीकडे. कितीतरी मडकी माझ्या हातात बसली. आप्पा म्हणायचे, "हलको हात गो, हलको. मडक्याक मारूक नाय, सांगूक व्हया." मी मडक्याला खूप सांगितलं. ते फुगायचंच नाही. फुटेल ह्या भीतीने मी त्याला पातळ होऊच द्यायची नाही. तबेल्याच्या मागे आम्ही ती भाजायचो, आणि आधी काकूंना विचारून, आज कपडे आहेत का म्हणून.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्यात आप्पा आजारी पडले ते उठलेच नाहीत. शेवटी शेवटी प्रकाशला म्हणाले, "माझ्या वेळाक इकतचां मडकां हाडू नको. हिणा केल्ला आसा तां घे." विकतचं नको, हिणा केलेलं. हिणा म्हणजे मी. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून तिथेच बसून राहिले.

आप्पा गेले तेव्हा मी मडक्यांमधलं सर्वांत बरं बघून दिलं. त्यांनी घडवलेलं, मी थापटलेलं. स्मशानात पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा करतात, मागून एकजण त्याला दगडाने भोक पाडतो, आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. बायका जात नाहीत, म्हणून मी घरीच होते. रडून रडून माझा चेहरा सुजला होता.

प्रकाश परत आला, दारात आंघोळ केली, आणि ओल्या अंगानेच माझ्यासमोर बसला. डोळे लाल. म्हणाला, "सुमे, तुझ्या मडक्याला भोक पडेना."

"काय?"

"वाडीहून आलेल्या काकाने दगड मारला, दगड निसटून माझ्या कानाला लागला. तशाच फेऱ्या मारल्या. मग खांद्यावरून मागे टाकलं, तर ते फुटलं नाही गं! गडगडत गेलं आणि भटजींच्या पायाशी जाऊन उभं राहिलं. सगळे बघत राहिले. मग भटजीच हसले, मग काका, मग..." तो हसत होता की रडत होता, मला कळेना, आणि माझं मलाही कळेना.

"मग फुटलं कसं?"

"चौघांनी मोठमोठे धोंडे घातले, तेव्हा."

कुंभारांच्या आमच्या घराण्यात इतकं पक्कं मडकं आजवर कुणी थापटलं नव्हतं, आणि इतक्या चुकीच्या कामासाठी तर मुळीच नाही!